हाडांची पारख
(महोत्सवानिमित्त भरलेल्या महिला सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने आत्म्याविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर होय, अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा मंदिराच्या भिंतींची विचारपूस करणे हेही सेवेचेच अंग नव्हे काय? महोत्सवाच्या आरोग्य शिबिरात पुष्कळ भगिनींची टाच एका लहानशा यंत्रात ठेवून हाडे तपासण्यात आली. हाती आलेली चिठ्ठी वाचून कोणी रडत आमच्याकडे आली, कोणी निर्धास्त होऊन घरी गेली. दोघींनीही घाई केली, एवढेच आम्हास आज सांगावयाचे आहे.

पाळी गेल्यावर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव घटतो. हाडांची झीज व भर यांचा मेळ त्याच्या आधाराने राहत असतो. तो आधार सुटला की झीज पुढे धावते. या झिजेस वेदना नाही. अंगणात पाय घसरतो, हात टेकला जातो, मनगट मोडते. तेव्हा कोठे घरास कळते. खुबा मोडला तर कित्येक वृद्ध माता पुन्हा पूर्वीसारख्या चालत नाहीत. म्हणून आधी मोजावे हे बरे. परंतु सर्व मापे सारखी नव्हेत.

पहिले माप साध्या क्ष-किरण चित्राचे. मोडलेले हाड ते उत्तम दाखविते; झीज मात्र सुमारे तिसरा हिस्सा हाड गेल्यावाचून त्यात स्पष्ट दिसत नाही. आपल्या देशातील डॉक्टर सिंग व त्यांचे सहकारी यांनी १९७० साली खुब्याच्या चित्रातील रेषांवरून झिजेच्या सहा पायऱ्या ठरविल्या. रीत स्वस्त खरी. पण पाहणाऱ्यागणिक निर्णय बदलू शकतो.

दुसरे माप टाचेतून ध्वनिलहरी सोडण्याचे. शिबिरात झाले ते हेच. यात क्ष-किरण नाहीत, यंत्र गावोगाव नेता येते. परंतु ते घनता प्रत्यक्ष मोजीत नाही. लहरींच्या गतीवरून अंदाज देते. ही चाळणी आहे, निवाडा नव्हे.

तिसरे माप डेक्सा नावाचे. दोन निरनिराळ्या शक्तींचे क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून व खुब्यातून सोडून घनता काढतात. किरणांची मात्रा फार अल्प असते. तरुण निरोगी स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करून जो अंक येतो त्यास टी-स्कोअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविलेल्या मर्यादेप्रमाणे हा अंक उणे अडीच किंवा त्याहून खाली असल्यास अस्थिक्षय, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, समजतात. ही मर्यादा डेक्सासाठी आहे. टाचेच्या अंकास ती तशीच लावू नये. डेक्सालाही मर्यादा आहेत. म्हातारपणी मणक्यांस काटे फुटले असतील तर तेथील अंक खोटाच चांगला दिसतो. म्हणून खुबाही पाहावा.

चौथे माप सीटी यंत्राचे. हाडाचा आतला जाळीदार भाग व बाहेरचे कवच ते वेगळे मोजते. पण खर्च व किरण दोन्ही अधिक.

तथापि उत्तम मापही सर्व काही सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा व लोहारा भागात कोण विसरेल? दगडमातीच्या रुंद भिंतींची घरे क्षणात कोसळली. भिंतींस जाडी होती. दगडांस एकमेकांत धरून ठेवणारा बांध नव्हता. हाडांचेही काहीसे तसेच. उणे अडीचपर्यंत न पोहोचलेल्या पुष्कळ स्त्रियांचीही हाडे मोडतात. म्हणून वैद्य वय विचारतात, पूर्वी थोडक्या पडण्याने हाड मोडले काय, आईबापांचा खुबा मोडला होता काय, स्टिरॉइडची औषधे चालू आहेत काय, हेही विचारतात.

आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या भगिनींची गर्भाशये तरुण वयातच काढली जातात, या तक्रारींवरून २०१९ साली शासनास चौकशी समिती नेमावी लागली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली असतील तर हाडांची झीज तेव्हाच सुरू होते. अशी चाळीस वर्षांची भगिनी आपल्यात असेल, तर तिला 'अजून तरुण आहेस' म्हणून परत पाठवू नका. तिने ही गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी.

सारांश, शिबिराची चिठ्ठी वाईट असेल तर रडू नका, डेक्सा करवून घ्या. चिठ्ठी चांगली असली, पण वय पासष्टांपुढे असेल किंवा वरील कारणांपैकी एखादे असेल, तरीही डॉक्टरांस विचारा. शहरास जाण्यापूर्वी 'तपासणी खुब्याची व मणक्यांची होईल ना?' हे विचारून घ्या. आणि पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करा, नाहीतर दोन अंकांची तुलना फसवी ठरते.

मुलांनो व सुनांनो, एक शब्द तुम्हांस. आई मिस्सात गुडघे टेकून उठताना बाकाचा आधार शोधते, हे आम्ही वेदीवरून पाहतो. तिने स्वतःसाठी कधी पैसे मागितले नाहीत, आताही मागणार नाही. महोत्सवाच्या दानातील काही भाग आम्ही गरजू मातांच्या प्रवासभाड्यासाठी राखून ठेवीत आहोत. मात्र तिच्याबरोबर जाणे, हे दान तुमचेच असू द्या.

पवित्र मरिया, दुर्बलांची माता, आपणा सर्वांचे रक्षण करो.