धंदेशिक्षितांच्या संस्था आणि राजकारण



डॉक्टर, इंजिनिअर, रसायनशास्त्रज्ञ यांच्या ज्या संस्था असतात, त्यांनीं राजकीय प्रश्नावर मत द्यावें कीं न द्यावें, हा आजचा विषय. बहुतेक सुज्ञ मंडळी 'न द्यावें' असेंच म्हणतात. सभासद नाना पक्षांचे. संस्थेनें एका बाजूचा ठराव केला कीं फूट ठरलेली. हें म्हणणें खोटें नाहीं. पण 'राजकीय' कशास म्हणावयाचें, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

१९३० सालची गोष्ट घ्या. इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलनें त्या वर्षीं हिंदुस्थानांतील विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. वादाचें एक मूळ प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणांत होतें. विद्यार्थ्यानें किती बाळंतपणें हाताळलेलीं असावींत, हा निव्वळ धंद्याचा प्रश्न. परंतु तें पाहणारा तपासणीस लंडनच्या अधिकारांतला असावा कीं येथल्या, हा प्रश्न कोणत्या सदरांत घालावा? ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेला डॉक्टर 'मी राजकारणांत पडत नाहीं' असें म्हणाला असता, तरी राजकारण त्याच्या पदवीच्या कागदापर्यंत येऊन पोंचलेंच होतें. पुढें १९३३ सालीं इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला, तो याच तंट्याच्या पोटीं.

गप्प बसण्याचेंही मोल द्यावें लागतें. जर्मनींतील पदार्थविज्ञानवेत्त्यांची संस्था जगांत नांवाजलेली. आइन्स्टाइन एके काळीं तिचा अध्यक्ष होता. १९३८ च्या डिसेंबरांत त्याच संस्थेनें आपल्या ज्यू सभासदांना सभासदत्व सोडण्याविषयीं पत्र पाठविलें. खालीं सही पीटर डिबाय या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या शास्त्रज्ञाची. कारण दिलें होतें तें परिस्थितीच्या सक्तीचें. आपल्याच सभासदाला दार दाखविण्याची वेळ येते, तेव्हां 'आम्ही केवळ शास्त्राचे उपासक' ही सबब उरत नाहीं.

म्हणून काय संस्थेनें प्रत्येक प्रश्नांत उडी घ्यावी? मुळींच नाहीं. मुंबईचे शस्त्रवैद्य डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांच्या खटपटीनें १९३७ सालीं हिंदु विधवेला मालमत्तेंत हक्क देणारा कायदा झाला. मोठें काम, पण तें त्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद म्हणून केलें. त्यास शस्त्रक्रियेच्या ज्ञानाची मोहर लागत नाहीं.

आमच्या भिवंडीचें उदाहरण जवळचें आहे. १९८५ च्या कायद्यानें कापडाचे कांहीं प्रकार हातमागासाठीं राखून ठेवण्याची सोय केली, आणि १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा उचलून धरला. यंत्रमागवाल्यांनीं त्याविरुद्ध ओरड करावी, यांत नवल नाहीं. तें पोटाचें बोलणें, आणि तें पोटाचें म्हणूनच ऐकावें. वस्त्रविद्येच्या जाणकारांचें काम निराळें. कोणतें लुगडें हातमागावरच चांगलें उतरतें, कोणतें दोन्हींकडे सारखेंच निघतें, हें त्यांनीं सरकारला आणि मागवाल्यांना सारख्याच आवाजांत सांगावें. मत कोणाला द्यावें, हें मात्र सांगूं नये.

आणि संस्थेनें ठराव केलाच, तर विरुद्ध पडलेल्या मतांची संख्या त्याखालीं छापावी, एवढा माझा आग्रह आहे. आपल्याकडे इतिवृत्तांत 'एकमतानें मंजूर' लिहिण्याची भारी हौस. मतें घेण्यापूर्वीं चपला शोधून निघून गेलेले किती, याची नोंद मीं कोणत्याही इतिवृत्तांत पाहिली नाहीं.