सन्नतीच्या वाटेवरील फलक



चिटगुप्प्याचा यात्रेकरू दक्षिणेस कलबुर्गी ओलांडून भीमातीरी सन्नतीस पोहोचतो. पंढरपुरी चंद्रभागा म्हणून वंदिली जाणारी नदी ती हीच. येथील चंद्रलांबा परमेश्वरी अनेक मराठी व कानडी घराण्यांची कुलदेवता होय. देवीच्या ओढीने येणाऱ्यास आपण दोन हजार वर्षांहून जुन्या नगराच्या भूमीवर पाऊल ठेवीत आहो, याची जाणीव सहसा नसते. ती जाणीव करून देणे, हे वाटेवरील ऐतिहासिक फलकाचे कार्य होय.

मात्र स्थळाचे नाव आणि काळ एवढेच सांगून ते कार्य पुरे होत नाही. तेथे काय राखले गेले आणि काय गमावले, हेही फलकाने सांगितले पाहिजे. सन्नतीस या दोन्ही गोष्टी एकाच शिलेवर दिसतात.

१९८६ साली चंद्रलांबेच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. मूर्तीखालची पीठाची शिला त्यानंतर दृष्टीस पडली. तिच्या दोन्ही बाजूंस ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सम्राट अशोकाचे लेख कोरलेले होते. एका बाजूस बारावा व चौदावा लेख. दुसऱ्या बाजूस ते दोन स्वतंत्र लेख, जे पूर्वी केवळ कलिंगातील धौली व जौगड येथेच ज्ञात होते. सर्व प्रजा ही आपली लेकरे होत, कोणासही अकारण बंधनात टाकू नये, असे त्यांतून राजाने अधिकाऱ्यांस बजाविले आहे.

पीठ झाल्यामुळे ती शिला पिढ्यानपिढ्या देवळात राहिली, हे खरे. परंतु मूर्ती बसविण्यासाठी तिच्या मध्यभागी खोबण पाडली गेली आणि तेथली अक्षरे कायमची गेली. हे करणाऱ्याच्या मनी द्वेष नव्हता, भक्तीच होती. नव्हते ते केवळ ज्ञान.

जवळच कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात चुनखडीच्या शिल्पशिलांनी मढविलेला महास्तूप उजेडात आला. त्यातील एका शिल्पावर राजा-राणी कोरलेली असून, तो राजा अशोक होय, असे ब्राह्मी अक्षरांनीच सांगितले आहे. सातवाहन राजांची नावेही तेथे आढळतात. नदीकाठच्या त्या नगराचे वैभव केवढे होते, हे यावरून ध्यानी यावे.

बाराव्या लेखाचा आशय तर प्रत्येक मठाने मनी धरावा असा आहे. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती व इतरांची निंदा करू नये. परस्परांचा धर्म ऐकून घ्यावा. दुसऱ्याच्या पंथास कमी लेखणारा आपल्याच पंथाची हानी करितो. बुद्धानुयायी राजाचा हा उपदेश काली मातेच्या चरणांखाली टिकून राहिला, यातील संगती भाविकांस वेगळी सांगावयास नको.

तेव्हा सन्नतीस जाताना देवीच्या दर्शनाबरोबर शिलेचेही दर्शन घ्यावे. आपल्या गावी जीर्णोद्धार आरंभिला, तर जुना दगड फोडण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. अक्षरे दिसल्यास त्यांवर चुना वा रंग न लावता पुरातत्त्व खात्यास कळवावे. फलक सरकार उभा करील. परंतु त्याच्या पलीकडची शिला राखणे भाविकांच्याच हाती आहे.