मत नैरोबीत, व्याजदर वॉशिंग्टनमध्ये

आज जरा लांब जाऊया, थेट केनियाला. प्रश्न साधा आहे : लोकांनी मत देऊन सरकार निवडलं, तरी त्या सरकारच्या हातात नेमकं किती उरतं?

25 जून 2024. राजधानी नैरोबीत तरुण-तरुणींचा जमाव संसदेत घुसला. राग होता त्या वर्षीच्या वित्त विधेयकावर. मूळ मसुद्यात पावावर 16 टक्के व्हॅट होता, गाडीच्या किमतीवर दरवर्षी अडीच टक्के कर होता. ओरड झाल्यावर सरकारने हे दोन कर मागे घेतले, पण बाकीचं विधेयक रेटलं. तोवर पोरांनी टिकटॉकवर ते आपापल्या भाषांत समजावून सांगितलं होतं, त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एआय चॅटबॉटसुद्धा बनवला होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1 जुलैपर्यंत 39 मृत्यू नोंदवले. 26 जूनला राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो म्हणाले, मी या विधेयकावर सही करणार नाही.

आता गंमत बघा. हेच रुटो 2022 मध्ये 'हसलर' लोकांचे, म्हणजे रोज खटपट करून पोट भरणाऱ्यांचे नेते म्हणून निवडून आले होते. मग असा माणूस पावावर कर लावायला का निघतो?

त्यासाठी 2014 मध्ये जाऊ. त्या वर्षी केनियाने आंतरराष्ट्रीय बाजारातून 200 कोटी डॉलर उचलले. मुदत 10 वर्षं, व्याज पावणेसात टक्क्यांच्या जरा वर. तेव्हा एक डॉलर म्हणजे साधारण 87-88 शिलिंग. लक्षात ठेवा, कर्ज डॉलरमध्ये. पण सरकारला कर मिळतो शिलिंगमध्ये. पुढे चीनकडून कर्ज घेऊन मोंबासा-नैरोबी रेल्वे बांधली, ती 2017 मध्ये सुरू झाली.

मग अमेरिकेत महागाई भडकली. तिथल्या फेडरल रिझर्व्हने मार्च 2022 मध्ये शून्याच्या जवळ असलेला व्याजदर जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. अमेरिकेतच बसल्या जागी एवढं व्याज मिळत असेल, तर केनियात जोखीम कोण घेणार? पैसा तिकडे वळला आणि शिलिंग घसरलं. जानेवारी 2024 मध्ये डॉलर 160 शिलिंगच्या आसपास होता. हिशेब करा : 200 कोटी डॉलर 2014 च्या दराने साडेसतरा हजार कोटी शिलिंग होतात, 160 च्या दराने 32 हजार कोटी. कर्ज तेवढंच, ओझं जवळपास दुप्पट!

जून 2024 मध्ये ते फेडायचं होतं. म्हणून फेब्रुवारीत केनियाने 10 टक्क्यांहून महाग दराने नवं कर्ज काढून जुन्यातला मोठा भाग आधीच फेडला. बाजाराचा जीव भांड्यात पडला, शिलिंगही सावरलं. पण व्याज वाढलं ते वाढलंच. शिवाय आयएमएफची मदत चालू होती आणि तिच्या अटी होत्या : तूट कमी करा, करवसुली वाढवा. वित्त विधेयक आलं ते इथून.

पोरं जिंकली का? जुलैत रुटोंनी जवळपास सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं. पण त्याच जुलैत मूडीजने केनियाचं पतमानांकन खाली आणलं, कारण करवाढ मागे घेतल्यावर पैसा कुठून येणार? आणि डिसेंबरमध्ये त्यातल्या काही तरतुदी नव्या कायद्यांतून परत आल्या.

म्हणजे सगळा दोष परदेशाचा का? नाही. कर्ज घेण्याचा निर्णय नैरोबीतच झाला होता, आणि तेव्हा रुटो स्वतः उपराष्ट्राध्यक्ष होते. आंदोलक भ्रष्टाचारावर आणि नेत्यांच्या उधळपट्टीवर बोलत होते, ते उगाच नाही. पण व्याजदर ठरवणाऱ्यांना केनियाचा मतदार बदलू शकत नाही. त्याच्या हातात असतो फक्त आपला नेता. त्यामुळे बाहेरचा राग घरातच फुटतो, आणि नवा माणूस आला तरी वही जुनीच असते.

आपल्यालाही हे नवीन नाही. जुलै 1991 मध्ये भारताने सुमारे 47 टन सोनं परदेशात गहाण ठेवलं. त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उदारीकरणाचा अर्थसंकल्पही आला. आज आपल्या सरकारचं बहुतेक कर्ज रुपयांत आहे, हा मोठा आधार आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या भव्य प्रकल्पाची घोषणा ऐकलीत, की किती कोटींचा एवढ्यावर थांबू नका. कर्ज कुठल्या चलनात आहे, फेडायचं कधी आणि तेव्हा कर कोणावर बसेल, हेही विचारा. केनियातल्या पोरांपर्यंत हे प्रश्न 10 वर्षं उशिरा पोचले, आणि त्याची किंमत काहींनी जिवाने मोजली.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!