गुलाबाचं खत आणि गोणीवरचे तीन आकडे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत गुलाबाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. काम आहे. वसईच्या वाडीत पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाब छाटतात आणि खत देतात. सहा-सात आठवड्यांत फूल येतं. खताची निवड चुकली की तेवढ्यात झाड सांगतं. कपाशीही सांगते, पण तिचं ऐकू येईपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

गुलाबाला नुसता युरिया दिला तर काय होतं? फोक लांबच लांब, पान हिरवंगार, कोवळ्या शेंड्यांवर मावा, आणि फूल बेताचं. नत्रानं पान वाढतं, स्फुरद मुळाला लागतं, पालाश दांड्याला आणि फुलाला बळ देतं. दादरच्या फूलबाजारात पानाला कोणी पैसे मोजत नाही. आपलंही तेच. नत्र जास्त झालं की कपाशी माजते, तुडतुडे येतात, पात्या गळतात; ज्वारी लोळते.

मग आपण युरियाच का टाकतो? २०१० साली स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यांच्या हिशेबानं अनुदान सुरू झालं; युरियाला त्यातून वगळून त्याचा भाव बांधूनच ठेवला. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. तीत नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. किलोला तेरा रुपयेही पडत नाहीत. भाव दिल्लीत ठरला, पण पिकाची भूक दिल्लीत ठरत नाही. स्वस्त आहे म्हणून पीक ते मागतं असं नाही.

२०२२ पासून अनुदानाच्या सगळ्या गोण्यांवर एकच ‘भारत’ नाव आलं. तेव्हा नाव नको, आकडे वाचा. डीएपी १८:४६:० म्हणजे पालाश शून्य. शहरात ‘गुलाबासाठी खास’ म्हणून किलोच्या पाकिटात खत विकतात. त्याच्याही किमतीला आतल्या अन्नद्रव्याच्या किलोंनी भागा, म्हणजे पैसे खताचे दिले की चित्राचे, ते कळेल.

पण वसईची नक्कलही करू नका. तिथं किनाऱ्यालगत जमीन हलकी, पाऊस धो-धो, नत्र वाहून जातं. म्हणून थोडं-थोडं द्यावं लागतं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड झाडाला जाचतं. तिथं महाग असलं तरी सल्फेट ऑफ पोटॅश बरं. हाडांचा चुरा आम्लधर्मी मातीत लागू पडतो, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तो बहुतेक पडूनच राहतो. आपल्याकडं अडचण ओलीची. ओल नसेल तर उत्तम खतही मातीत नुसतं निजून राहतं. कुजलेलं शेणखत मात्र दोन्हीकडं हवं. न कुजलेलं घातलं तर वाळवीला आमंत्रण, आणि कुजताना ते पिकाच्याच ताटातलं नत्र खातं.

शेवटी तीन गोष्टी. पेरणीआधी माती तपासा. काळ्या रानात पालाश पुरेसं निघालं तर त्याचे पैसे वाचतील. युरिया ओल पाहून, हप्त्यानं द्या. आणि दुकानदार म्हणाला, ‘युरिया हवा तर ही बाटलीही घ्या’, तर बाटली घेऊ नका. पक्की पावती मागा, आणि नकार मिळाला तर चौघांनी मिळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या.

पैसा आपला, रान आपलं. मग गोणीत काय असावं हे दुसऱ्यानं का ठरवावं?