भिंतीवरून फडताळात

रस्त्यावरची कला मुळात कोणाच्याच मालकीची नसते. भिंत दुसऱ्याची, रंग चित्रकाराचा, आणि पाहणारा म्हणजे त्या वाटेने जाईल तो. अशा कलेचा संग्रह करणे प्रथमदर्शनी पाणपोईला कुलूप घालण्यासारखे वाटते. तरीही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भिंतींवर रंगकाम करणाऱ्या कलावंतांनी काढलेल्या लहान मूर्ती, मोजक्याच प्रतींच्या आणि पुष्कळदा हाताने रंगवलेल्या, जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग जगभर तयार झाला आहे. त्यांच्या या छंदाविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

याचे बीज कीथ हॅरिंग या अमेरिकन चित्रकाराच्या अनुभवात सापडते. १९८० नंतरची काही वर्षे न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींतील काळ्या कागदांवर, तो पांढऱ्या खडूने चित्रे काढी. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडले, पण हा उद्योग थांबण्याचे एक मोठे कारण पोलीस नव्हते. त्याचे नाव झाले तसे लोक ते कागद सोलून नेऊ लागले, विकू लागले. १९८६ साली त्याने लाफायेट स्ट्रीटवर ‘पॉप शॉप’ नावाचे दुकानच थाटले आणि बिल्ले, सदरे असल्या वस्तू माफक दरात विकावयास ठेवल्या. कलावंताने दुकान मांडावे काय, म्हणून टीका झाली. मला ती टीका पोकळ वाटते. लोक जे चोरून नेत होते, ते त्याने उजळ माथ्याने दिले, इतकेच.

त्यानंतरच्या पिढीतला ब्रायन डॉनेली, ‘कॉज’ या नावाने ओळखला जाणारा, बसथांब्यांवरील जाहिराती चौकटीतून काढून घरी नेई, त्यांवर आपली कवटीमुखी आकृती रंगवी आणि पुन्हा जागच्या जागी लावून येई. १९९९ साली त्याने ‘बाउंटी हंटर’ या जपानी मंडळींबरोबर डोळ्यांच्या जागी फुल्या असलेली एक वीतभर बाहुली काढली. तिचे नाव ‘कम्पॅनियन’, प्रती ५००. पुढे मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तशीच एक बाहुली २०० डॉलरला विकावयास ठेवली, तेव्हा ग्राहकांच्या झुंबडीने दुकानाचे संकेतस्थळच कोलमडले.

आता या मूर्ती घडतात कशा, हे समजून घेतल्यावाचून त्यांची पारख होत नाही. मऊ व्हिनिलची मूर्ती धातूच्या साच्यात होते. पातळ द्रव ओतायचा, साचा तापवायचा, कडेने थर धरला की उरलेला द्रव काढून घ्यायचा आणि मूर्ती गरम असतानाच ओढून बाहेर काढायची. असा साचा शेकडो प्रती सुखाने देतो. रेझिनची मूर्ती सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात. तो काही डझन प्रतींतच झिजतो आणि बारीक रेषा बुजू लागतात. म्हणजे रेझिनच्या ५० प्रतींची मर्यादा बरेचदा साच्यानेच घातलेली असते, व्हिनिलच्या ५०० प्रतींची मात्र माणसाने. दोन्हींच्या तळाशी आकडा असतो, पण दोन्ही आकड्यांचा अर्थ एक नव्हे.

रंगाचेही तसेच. पेणच्या गणेशमूर्ती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हाताच्या रंगाचे मोल सांगावयास नको. एका साच्यातल्या शंभर मूर्ती पांढऱ्या असतात तोवर सारख्या. डोळ्यांची आखणी झाली, की एकेकीची नजर निराळी होते. मात्र, श्रोतेहो, ‘हाताने रंगवलेली’ या शब्दांनी हात कोणाचा, ते कळत नाही. बँक्सी या इंग्रज कलावंताने २०१७ साली बेथलेहेममध्ये, विभाजनाच्या उंच भिंतीसमोर, एक हॉटेल उघडले. तेथे त्या भिंतीच्या हाताने रंगवलेल्या छोट्या प्रतिकृती विकल्या जात, आणि ते काम स्थानिक कारागिरांचे असे. माझ्या मते त्यामुळे त्यांची किंमत उणावत नाही. त्या भिंतीच्या छायेत राहणाऱ्याचा हात तिच्यावर फिरला, हेच तर त्या वस्तूचे सार. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते हॉटेल बंद करावे लागले.

जेथे आकडा व पैसा, तेथे नकलाकार आलाच. बँक्सीच्या बाबतीत २००८ पासून ‘पेस्ट कंट्रोल’ हे त्याचेच कार्यालय अस्सलपणाचा दाखला देते. दाखल्याला जोडलेली असते डायाना राजकन्येचा चेहरा छापलेली, बँक्सीनेच काढलेली दहा पौंडांची खोटी नोट, आणि तीही अर्धी फाडलेली! दुसरा अर्धा कार्यालयात राहतो. फाटीला फाट जुळली पाहिजे. खोट्या नोटेने खरेपणाची साक्ष द्यावी, ही थट्टा त्यालाच शोभते.

पण दाखला नसता तर आपण काय पाहिले असते? १३ ऑक्टोबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका वृद्ध विक्रेत्याने बँक्सीची अस्सल चित्रे निनावी मांडली होती, एकेक ६० डॉलरला. पहिले गिऱ्हाईक यायला काही तास लागले. एका बाईने तर घासाघीस करून दोन चित्रे निम्म्या दरात नेली. दिवसाची विक्री ४२० डॉलर. पुढच्याच वर्षी लंडनच्या लिलावात त्यांतल्या दोन चित्रांना मिळून सुमारे सव्वा लाख पौंड आले. बाकीचे सारे जण ती चित्रे पाहून पुढे गेले होते.

ज्यांना हा नाद लागला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक सांगावेसे वाटते. रेझिन उन्हाने पिवळे पडते. व्हिनिलमधला मऊपणा आणणारा द्रव उष्णतेने पृष्ठभागावर येतो आणि मूर्ती चिकट होते. मुंबई किंवा चेन्नईच्या दमट हवेत बंद खोक्यात वर्षानुवर्षे ठेवलेली बाहुली खोक्याच्याच कागदाला चिकटलेली निघू शकते. विकण्याच्या आशेने खोके न उघडणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी ते उघडावे, मूर्ती मऊ कोरड्या फडक्याने पुसावी आणि खिडकीपासून दूर, हवेशीर फडताळात, घरच्या मुलांना दिसेल अशी ठेवावी.