वेड आणि आजार यात फरक काय?

आजच्या भागात कोणी पाहुणे नाहीत, मीच बोलणार आहे. मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला: "मनोरुग्ण म्हणजे वेडाच ना? आणि वेडा माणूस कधी बरा होतो काय?"

आधीच सांगून टाकते, मला स्किझोफ्रेनिया आहे. माहेर अकोल्याचं, सासर दर्यापूरकडचं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले. बाया माझ्याबद्दलच बोलतात, जेवणात कोणी काही कालवतं, अशी पक्की खात्री असायची. ती शंका नव्हती. तुम्हाला समोरची भिंत जितकी खरी दिसते, तितकं ते मला खरं होतं. घरात निदान एका वाक्यात झालं: "येडी झाली हे." कोणी म्हणालं, "हिले बाहेरचं हाय." अंगारे झाले, धागे झाले. डॉक्टरपर्यंत पोचायला चौदा महिने गेले, तेही भाऊ येऊन घेऊन गेला म्हणून.

आता त्या शब्दाकडे पाहू. आपण क्रिकेटचं वेड म्हणतो, वारीचं वेड म्हणतो. रागीट माणूस येडा, एकटा राहणारा येडा, सासूला उलट बोलली ती येडी. इतक्या ठिकाणी वापरलेला शब्द कोणाला काय दुखतं ते सांगत नाही आणि पुढे काय करायचं तेही सांगत नाही. आजाराचं तसं नसतं. आजाराला नाव असतं, लक्षणं असतात, चढउतार असतात, औषध असतं. उदासीनता म्हणजे डिप्रेशन वेगळं, बायपोलर वेगळा, स्किझोफ्रेनिया वेगळा. "वेड" हे यातल्या कशाचंच निदान नाही.

कायद्यातही हा फरक आहे. गुन्ह्याच्या खटल्यात आरोपी "मनोविकल" होता काय, हे न्यायालय बघतं. 1860 च्या दंड संहितेत ते कलम 84 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 22 आहे. तिथे प्रश्न एवढाच असतो, की त्या क्षणी आपण काय करतो आणि ते चूक आहे, हे त्याला कळत होतं काय? डॉक्टरचा प्रश्न वेगळा असतो: याला त्रास काय आणि उपाय काय? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्ट म्हणतो, की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. रुग्णाला साखळीने बांधायलाही त्याच कायद्याने मनाई आहे. त्याआधी आपल्याकडे 1912 चा कायदा होता, त्याच्या नावातच "ल्युनसी", म्हणजे वेड, होतं. 1987 चा नवा कायदा लागू होईपर्यंत तेच नाव चाललं.

माझ्या सासरी सोडचिठ्ठीची भाषा सुरू झाली, तेव्हा वकिलांनी आम्हाला सर्वोच्च न्यायालयाचा 1988 चा एक निकाल दाखवला. नुसतं "स्किझोफ्रेनिया" हे नाव लावून घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावं लागतं, असा तो निकाल. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की माझ्या नावापुढे लागलेला शब्द म्हणजे मी नाही.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. अमरावतीचं तपोवन आठवा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये ते उभं केलं, तेव्हा लोक "महारोगी" म्हणायचे आणि सावलीलाही उभे राहत नव्हते. पुढे औषधं आली. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. रोग्याला बाहेर काढणारा शब्द आधी होता, औषध मागून आलं. मनाच्या आजाराची औषधं तर 1952 पासून वापरात आहेत. आपला शब्द मात्र अजून तिथेच अडकला आहे.

आणि आपल्या गावांत हे बदलू शकतं, हेही दिसलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत "विश्राम" नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं, डॉक्टर गावाजवळ आणले. डिप्रेशन असलेल्यांपैकी आधी शंभरात चारेक जण उपचाराला पोचत होते. दीड वर्षाच्या कामानंतर ते प्रमाण सत्तावीसवर गेलं. माणसं तीच, कपाशी तीच, कर्जही तेच. बोलायला कोणी तरी जवळ आलं, एवढाच फरक.

आता बरं होण्याबद्दल. मी खोटी आशा देणार नाही. माझा आजार दोनदा उलटला. गोळीने वजन वाढलं, सकाळी सुस्ती राहते. पण आवाज बंद आहेत. अकोल्यात मी ब्लाउज शिवते, दिवाळीत श्वास घ्यायला फुरसत नसते. लग्न मोडलं नाही. पहिल्यासारखंही राहिलं नाही, पण आम्ही एका ताटात जेवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की स्किझोफ्रेनियाच्या तिघांपैकी किमान एक जण पूर्ण बरा होऊ शकतो. बाकीच्यांतले पुष्कळ जण साखरेच्या रुग्णासारखं गोळी घेऊन आपलं काम करतात, संसार करतात. बरं होणं म्हणजे आजार कधी झालाच नव्हता असं होणं नाही. आपला दिवस परत आपल्या हातात येणं, ते बरं होणं.

घरच्यांना तीन गोष्टी सांगते. रुग्णाला दिसतं-ऐकू येतं ते खोटं म्हणून वाद घालू नका. "तुले भीती वाटते ना, मी हाओ" एवढं पुरे. देवाला जायचं तर खुशाल जा, गोळी मात्र चुकवू नका. आणि बरं वाटलं म्हणून औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

नागपूरच्या मनोरुग्णालयाचं नाव काढून धमकी देण्याची गरज नाही. अकोल्यात सर्वोपचार आहे, अमरावतीत इर्विन आहे. जाणं जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा नंबर लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हा भाग पुरा ऐकत बसू नका, आत्ताच लावा.

तुमच्या ओळखीत कोणाला "येडा" म्हणतात, तो माणूस आठवा. उद्या त्याला त्याच्या नावाने हाक मारा आणि जेवला काय ते विचारा. भेटू पुढच्या भागात.