माहिती-तंत्रज्ञानाचा अभ्यास कसा करावा?



माझें आजचें बोलणें मुख्यतः अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं आहे; परंतु ज्यांच्या घरीं असा एखादा विद्यार्थी आहे त्या वडीलमाणसांनींहि तें ऐकावें, अशी माझी विनंति आहे. नागपूर जिल्ह्यांत, उमरेडच्या पलीकडे, मिरचीसाठीं प्रसिद्ध असलेलें भिवापूर आहे. त्या परिसरांत मी मुलांना माहिती-तंत्रज्ञान हा विषय शिकवितों. परीक्षा जवळ आली कीं मुलें विचारतात, "सर, काय पाठ करूं?" त्या प्रश्नाला माझ्यापाशीं जें उत्तर आहे, तें मला एका मुलीच्या आजीमुळें सुचलें. ती हकीकत प्रथम सांगतों.

सराव परीक्षेंत मीं प्रश्न घातला होता : ई-गव्हर्नन्सचे फायदे लिहा. त्या मुलीनें लिहिलें कीं, कारभार पारदर्शक होतो, वेळ वांचतो, कागद लागत नाहीं आणि नागरिकाला घरबसल्या सेवा मिळते. उत्तर पुस्तकाबरहुकूम होतें. मीं पूर्ण गुण दिले. दुसऱ्या दिवशीं ती वर्गांत उशिरा आली. कारण विचारलें तेव्हां म्हणाली, "सर, आजीला घेऊन रेशनच्या दुकानांत गेली होती. तिचा अंगठा मशीनवर येतच नाहीं. आज तिसरी खेप झाली." आजीचा जन्म मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडण्यांत गेलेला, बोटांवरील रेषा झिजून गेलेल्या. मीं तिला म्हटलें, "मग कालच्या उत्तरांत हें कां लिहिलें नाहींस?" ती माझ्याकडे आश्चर्यानें पाहूं लागली. "सर, तो तर पेपर होता!"

पेपर निराळा आणि घर निराळें, हा जो समज आहे तोच मला आज खोडून काढावयाचा आहे. या विषयाचा अभ्यास चांगला व्हावयाचा असेल, तर पुस्तकांतील प्रत्येक मथळ्याला आपल्या गांवांतील एक उदाहरण शोधावें. आणि त्या उदाहरणांत कोणाची सोय झाली व कोण बाहेर राहिला, हें दोन्ही पाहावें. यानें गुणहि वाढतात आणि माणूसहि शहाणा होतो.

आधीं परीक्षेचें स्वरूप पाहूं. बारावीचा हा पेपर इतर पेपरांप्रमाणें उत्तरपत्रिकेवर लिहावयाचा नसतो. तो संगणकावरच द्यावा लागतो. त्याला ८० गुण असतात आणि प्रात्यक्षिकाला २०. रिकाम्या जागा, चूक कीं बरोबर, एक किंवा अनेक योग्य पर्याय निवडणें, जोड्या लावणें, असे बहुतेक प्रश्न वस्तुनिष्ठ असतात. मग थोडीं लघुत्तरें आणि कांहीं प्रोग्राम. यावरून मुलें असें अनुमान काढतात कीं हा पाठांतराचा विषय आहे. हें अनुमान चुकीचें आहे. ज्या प्रश्नांत अनेक पर्यायांपैकीं दोन किंवा तीन बरोबर असतात, तेथें पाठांतर करणारा हमखास गोंधळतो. कारण सगळेच पर्याय त्याच्या कानावरून गेलेले असतात. ज्याच्या डोळ्यांपुढें प्रत्यक्ष वस्तु उभी आहे तोच तेथें तरतो.

उदाहरणादाखल अकरावीच्या सायबर कायद्याचें प्रकरण घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा असून तो १७ ऑक्टोबर २००० पासून अमलांत आला. पुढें २००८ च्या दुरुस्तीनें त्यांत ६६-अ हें कलम घातलें गेलें. संगणकावरून वा मोबाइलवरून त्रासदायक किंवा आक्षेपार्ह मजकूर पाठविणें हा त्या कलमानें गुन्हा ठरला. "त्रासदायक" म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कोठेंच नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांत, पालघर येथें, दोन तरुण मुलींना अटक झाली. एकीनें मुंबईच्या बंदविषयीं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या; दुसरीनें त्या आवडल्याचें कळविलें होतें, एवढेंच. प्रकरण देशभर गाजलें. श्रेया सिंघल या तरुणीनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजीं न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. जुन्या गाइडांवर विसंबलेला विद्यार्थी ६६-अ हें कलम चालू कायदा म्हणून लिहून येतो. ज्याला पालघरची हकीकत ठाऊक आहे तो ही चूक जन्मांत करणार नाहीं. शिवाय त्याला हेंहि कळतें कीं कायद्यांतील एक संदिग्ध शब्द थेट आपल्यासारख्यांच्या घरापर्यंत पोंचूं शकतो.

दुसरें उदाहरण सातबाऱ्याचें. बारावीच्या पुस्तकांत ई-गव्हर्नन्सचे प्रकार दिलेले आहेत : सरकार व नागरिक, सरकार व व्यापारी, सरकार व कर्मचारी, आणि सरकारच्या दोन खात्यांमधील व्यवहार. हीं नांवें रुक्ष वाटतात. परंतु घरांतील कपाटांत वडिलांच्या शेताचा सातबारा आहे ना? महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. तो हातांत घेऊन बसा आणि स्वतःला विचारा कीं ही सही कोठें आहे व ती काम कशी करते. दस्तऐवजांतील मजकुरावरून गणिती रीतीनें एक छोटा सारांश-अंक काढतात. अधिकारी आपल्या गुप्त किल्लीनें त्यावर सही करतो. आणि सर्वांना खुली असलेली जोडकिल्ली वापरून कोणीहि ती पडताळूं शकतो. मजकुरांतील एक अक्षर जरी बदललें तरी पडताळणी फसते. हें एकदां समजलें कीं व्याख्या पाठ करावी लागत नाहीं.

मात्र येथेंच थांबूं नका. ही सही कशाची हमी देते? सही त्याच अधिकाऱ्याच्या किल्लीनें झालेली आहे आणि त्यानंतर मजकूर बदललेला नाहीं, एवढ्याचीच. मूळ नोंदींत काकांच्या हिश्शाचें क्षेत्र चुकीचें चढलें असेल, तर ती चूकहि तितक्याच खात्रीनें जपली जाते. यंत्र नोंदीची राखण करतें. तिचा खरेपणा माणसानेंच तपासावा लागतो. हें वाक्य ज्याला स्वतःच्या शब्दांत लिहितां येईल, त्याला हा धडा समजला असें मी मानीन.

तिसरें उदाहरण आधारचें. देशांतील पहिलें आधार २९ सप्टेंबर २०१० रोजीं महाराष्ट्रांतच, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं दिलें गेलें. ज्याच्यापाशीं ओळखीचा दुसरा कागद नाहीं त्यालाहि ओळख मिळावी, हा हेतु स्तुत्यच होता. पुढें खासगीपणाचा प्रश्न निघाला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें एकमतानें निर्णय दिला कीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लाभ आणि शंका अशा दोन्ही बाजू ज्याच्या उत्तरांत येतात, त्याचें उत्तर परीक्षकाच्या नजरेंत भरतें.

चवथें उदाहरण कोल्हापूरकडील वारणेचें. तें मला फार बोधप्रद वाटतें. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरांत सुमारें सत्तर गांवांसाठीं संगणक केंद्रें उभारण्याची योजना सुरू झाली. शेतकऱ्यांना जगाचें ज्ञान गांवांत मिळेल अशी मोठी आशा होती. कांहीं वर्षांनीं संशोधकांनीं पाहणी केली, तेव्हां दिसलें कीं शेतकरी त्या केंद्रावर मुख्यतः आपल्या उसाचें वजन, तोडणीची परवानगी आणि बिलाची रक्कम एवढेंच पाहण्यास येतात. तेव्हां सात गांवांत प्रयोग म्हणून संगणकाऐवजीं साध्या मोबाइलवरील लघुसंदेशानें तेंच काम करून पाहिलें, आणि तें कमी खर्चांत साधलें. यंत्र केवढें मोठें आहे यापेक्षां माणसाची गरज कोणती आहे हें आधीं विचारावें, असा याचा बोध. हाच प्रश्न भिवापूरच्या मिरचीला लावून पाहा. या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. पण मोबाइलवरून तिखट मागविणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला तें हातांत घेऊन पाहतां येत नाहीं कीं हुंगतां येत नाहीं. मग त्यानें नांवावर विश्वास कसा ठेवावा? ई-कॉमर्सच्या प्रकरणांतील "विश्वासार्हता" हा शब्द आतां तुम्हांला कोरडा वाटणार नाहीं.

आतां तयारीची रीत थोडक्यांत सांगतों. प्रत्येक प्रकरणासाठीं वहीचीं दोन पानें राखून ठेवा. डाव्या पानावर पुस्तकांतील व्याख्या व मुद्दे लिहा. उजव्या पानावर गांवांतील उदाहरण, त्याची तारीख, आणि "कोण बाहेर राहिला" हा एक रकाना. प्रोग्राम आधीं कागदावर हातानें लिहा आणि ओळीओळीनें वाचून त्याचें उत्तर काय येईल तें सांगा. मग संगणकावर चालवून पाहा. ज्या शाळेंत एका संगणकावर चार मुलें बसतात, तेथें हा कागदच खरा सोबती ठरतो. रात्रीं झोपण्यापूर्वीं आजचा धडा आईला किंवा आजीला समजावून सांगा. त्यांना कळला तर तुम्हांला कळला. त्यांनीं "मग आमचं काय?" असें विचारलें, तर तो प्रश्न वहींत उतरवून घ्या, पुस्तकांत तो बहुधा सांपडणार नाहीं.

आणि वडीलमंडळींना एक सांगणें. आज पुष्कळ घरांतून अर्ज भरणारा, संदेश वाचणारा, ओटीपी सांगणारा हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. साऱ्या घराचा भार त्या बोटांवर आहे. त्यांचा हा अभ्यास केवळ गुणांसाठीं आहे असें समजूं नका. आणि ओटीपी कोणास सांगावयाचा नाहीं, हें त्यांनीं बजावलें तर रागावूं नका.

त्या मुलीचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. मीं तिला तोच प्रश्न पुन्हां लिहावयास दिला. उत्तर लिहितांना तिनें शोध केला. अंगठा न जुळल्यास मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेंहि ओळख पटवितां येते, असें तिला आढळलें. पण आजीच्या आधारला जोडलेला क्रमांक कधींच बंद पडलेला होता. आजीला बरोबर घेऊन ती आधार केंद्रावर गेली आणि वडिलांचा चालू क्रमांक जोडून आली. पुढच्या खेपेस धान्य घरीं आलें. तिच्या दुसऱ्या उत्तरांत पहिले चारहि फायदे होते, त्यांच्याखालीं तिनें एक ओळ अधिक लिहिली होती : "ज्यांचे हात कामानें झिजले आहेत त्यांच्यासाठीं दुसरी वाट आधींच उघडी ठेवली पाहिजे, आणि ती त्यांना सांगितली पाहिजे."

पहिल्या उत्तराला मीं पूर्ण गुण दिले होते. दुसरें वाचल्यावर ते जरा जास्तच झाले होते असें मला वाटलें.